पडद्यावर बोलतंय कोण?

माळ्यावरचा जुना संगणक खाली उतरवण्याचं कारण बहुतेक घरांत एकच असतं: त्याच्यात काहीतरी अडकून राहिलेलं असतं. वडिलांनी निवृत्तीनंतर टंकलेल्या आठवणी, आजीला विचारून उतरवून घेतलेल्या ओव्या, सोसायटीचे जुने हिशेब. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतरची काही वर्षं असा मराठी मजकूर युनिकोडमध्ये क्वचितच लिहिला जाई. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशा पॅकेजांचे स्वतःचे फॉण्ट असत आणि फाइलमध्ये अक्षरं साठत ती त्या फॉण्टच्या क्रमांकांनी. तो फॉण्ट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची सरमिसळ दिसते. म्हणून 'हार्ड डिस्क काढून घ्या, बाकीचं भंगारात द्या' हा सल्ला अर्धाच कामाचा आहे. ते यंत्र एकदा तरी त्याच्या मूळ फॉण्टसकट, मूळ पॅकेजसकट उभं राहायला हवं.

आणि नेमकं तेच होत नाही. बटण दाबलं की पंखा घरघरतो, काळ्या पडद्यावर इंग्रजीतली एखादी ओळ उमटते आणि सगळं थांबतं. शेजारी उभा असलेला कुणीतरी जाणकार म्हणतो, "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारा." जुन्या यंत्रांच्या बाबतीत यापेक्षा घातक सल्ला मला माहीत नाही. फॉरमॅटने यंत्र चालू होईलही, पण ज्यासाठी ते खाली काढलं तेच पुसलं जाईल. शिवाय, बिघाड बहुतेक वेळा तिथे नसतोच. तो कुठे आहे, हे त्या इंग्रजी ओळीत लिहिलेलं असतं. फक्त ती ओळ कोणी लिहिली, हे आधी ओळखावं लागतं.

संगणक सुरू होताना ताबा एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात असतो. आधी वीज स्थिर होते. मग मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस नावाचा प्रोग्रॅम जागा होतो आणि यंत्राची तपासणी करतो. तो डिस्कवरचा पहिला सेक्टर वाचतो आणि त्यातल्या चिमुकल्या प्रोग्रॅमच्या हाती सूत्रं देतो. तो प्रोग्रॅम विंडोज असलेल्या विभागाचा पहिला सेक्टर शोधतो, तो सेक्टर डॉसच्या फाइली उचलतो आणि डॉस विंडोजला उठवतं. यातल्या प्रत्येकाला बोलता येतं, पण प्रत्येकाचे शब्द ठरलेले आहेत. ज्याच्या हाती ताबा असताना काम अडतं, तोच तक्रार करतो. पालखी जेजुरीला पोचली म्हटल्यावर सासवड झालं का, असं कुणी विचारत नाही. तसंच डिस्कवरच्या सेक्टरने तक्रार केली, की रॅम, डिस्प्ले कार्ड आणि प्रोसेसर आपापलं काम करून मोकळे झालेत, एवढं धरून चालता येतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे ती ओळ अक्षरशः जशीच्या तशी कागदावर उतरवून घेणं, किंवा मोबाइलने तिचा फोटो काढणं. 'काहीतरी डिस्क एरर आली' एवढं लक्षात ठेवून भागत नाही. 'डिस्क बूट फेल्युअर' आणि 'नॉन-सिस्टिम डिस्क' ऐकायला सारखेच वाटतात, पण ते दोन वेगळ्या टप्प्यांवरून, दोन वेगळ्या प्रोग्रॅमनी दिलेले संदेश आहेत.

पण त्याही आधी, वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या यंत्राचं बटण लगेच दाबू नये. कॅबिनेटची बाजू उघडून आत बघावं. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, झुरळांची घाण, पंख्यावर दाटलेली धूळ असं काय काय निघतं. मऊ ब्रशने ते झाडून काढावं. मग मदरबोर्डवर प्रोसेसरच्या आसपास उभे असलेले छोटे दंडगोल, म्हणजे कपॅसिटर, नीट पाहावेत. त्यांचा माथा सपाट हवा. तो फुगला असेल किंवा त्यावर तपकिरी खपली धरली असेल, तर तो कपॅसिटर गेला. १९९९च्या सुमारास आणि त्यानंतरची काही वर्षं बनलेल्या अनेक मदरबोर्डांवर सदोष रसायनाचे कपॅसिटर बसवले गेले होते आणि ते पुढे मोठ्या संख्येने फुगले. चांगला कारागीर ते बदलून देतो. बोर्ड टाकून द्यायची गरज नसते.

दुसरी तपासणी एसएमपीएसची, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टचं १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करणाऱ्या डब्याची. त्याच्या मागे पुष्कळदा एक लाल सरकतं बटण असतं, ११५ आणि २३० असं लिहिलेलं. ते २३०वरच हवं. पंखा फिरतोय म्हणजे सप्लाय ठीक आहे, हा समज मात्र मोडायला हवा. पंखा १२ व्होल्टवर फिरतो. एसएमपीएस आतले सगळे दाब स्थिर झाले की 'पॉवर गुड' नावाचा वेगळा संकेत मदरबोर्डला देतो आणि तो मिळेपर्यंत प्रोसेसर रोखून धरलेला असतो. एखादा दाब ढिला असेल तर तो संकेत येत नाही: दिवे लागतात, पंखे फिरतात आणि यंत्र ढिम्म राहतं. मल्टिमीटर असेल तर ५ व्होल्टच्या लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५ आणि १२ व्होल्टच्या पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६ यांच्या दरम्यान आकडा मिळायला हवा. मल्टिमीटर नसेल तर चालू असलेला दुसरा एसएमपीएस लावून बघणं सगळ्यात सोपं. तो डबा स्वतः उघडू नये; प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक दाब टिकून राहतो. जुन्या मॉनिटरच्या मागच्या झाकणाला तर हातही लावू नये, पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट असतात.

वीज ठीक असेल तर प्रोसेसर जागा होतो. जागा झाल्यावर त्याला काहीच माहीत नसतं, फक्त एक पत्ता माहीत असतो. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीतला ८०८८ प्रोसेसर पहिला आदेश उचलायचा तो एक मेगाबाइटच्या हद्दीच्या १६ बाइट अलीकडून. तिथे बायोसची चिप जोडलेली असे आणि त्या जागी 'अमुक ठिकाणी उडी मार' एवढाच आदेश असे. प्रोसेसर बदलत गेले, पण ही रीत पुढे चालू राहिली. त्या उडीनंतर बायोस यंत्राची झडती सुरू करतो: स्वतःची चिप शाबूत आहे का, टायमर चालतो का, रॅमचा निदान पहिला तुकडा लिहिता-वाचता येतो का, डिस्प्ले कार्ड आहे का.

या झडतीत एक अडचण आहे आणि तिच्यातूनच बीपची भाषा जन्माला आली. डिस्प्ले कार्ड सापडून चालू होईपर्यंत बायोसकडे पडदाच नसतो. तोवर काही बिनसलं तर तो सांगणार कसा? त्याच्याकडे फक्त कॅबिनेटमधला छोटा स्पीकर असतो. म्हणून बीप ऐकू आली आणि पडदा काळाच राहिला, तर बिघाड झडतीच्या या पहिल्या भागातला, म्हणजे बहुतेक वेळा रॅमचा किंवा डिस्प्ले कार्डचा. आपल्याकडच्या असेंबल्ड पीसींत अवॉर्ड आणि एएमआय या दोन कंपन्यांचे बायोस जास्त असत. एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे अवॉर्डच्या भाषेत डिस्प्लेची तक्रार. थांबून थांबून वाजत राहणारी लांब बीप म्हणजे रॅम. एएमआय आखूड बीप मोजून सांगतो: तीन वाजल्या तर रॅमचा पहिला भाग, आठ वाजल्या तर डिस्प्लेची मेमरी. पडदाही उजळला, तर दोन्हींमध्ये एकच आखूड बीप ही शुभवार्ता आहे. बीपच आली नाही तर आधी स्पीकरची बारीक वायर बोर्डावर जोडलेली आहे का ते पाहावं. कितीतरी कॅबिनेटांत ती निसटलेली असते.

रॅमची तक्रार म्हणजे रॅम जळाली असं नाही. आपल्या पावसाळी हवेत, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, रॅमच्या पट्टीवरच्या धातूच्या दातांवर बारीक थर चढतो आणि खाचेतल्या पत्र्याशी तिचा संपर्क तुटतो. दुरुस्तीवाला रॅम काढून तिचे दात खोडरबरने घासतो, ते पाहून अनेकांना हा जुगाड वाटतो. पण तो योग्य उपाय आहे, काही पथ्यं पाळली तर. रबर मऊ आणि पांढरं हवं, शाईचं खरखरीत नको, कारण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. घासल्यावर रबराचा चुरा पूर्ण झटकावा, खाचेत फुंकर मारू नये, ओलावा जातो. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला स्पर्श करून अंगावरची स्थिर वीज उतरवावी. आणि सगळ्यात आधी प्लग काढावा, कारण १९९५नंतर आलेल्या एटीएक्स पद्धतीच्या यंत्रांत बटण बंद असतानाही बोर्डावर ५ व्होल्टचा दाब कायम असतो. ७२ पिनांच्या जुन्या रॅमपट्ट्या असलेला पेंटियम असेल तर पट्ट्या जोडीनेच लावाव्यात. त्या पट्टीची रुंदी ३२ बिटांची आणि पेंटियमचा मेमरीशी व्यवहार ६४ बिटांचा, त्यामुळे एकटीदुकटी पट्टी त्याला पुरत नाही.

तरीही पडदा काळाच असेल तर यंत्र हलकं करत जावं. साउंड कार्ड, मोडेम, लॅन कार्ड, हार्ड डिस्क, फ्लॉपी, सीडी ड्राइव्ह सगळ्यांना सोडवावं. बोर्ड, प्रोसेसर, कमीत कमी रॅम आणि डिस्प्ले कार्ड एवढ्यावर बीप येते का पाहावं. आली, की एकेक वस्तू परत जोडत जायची. जिच्यानंतर यंत्र गप्प होईल ती दोषी. वेळखाऊ आहे, पण अंदाजाने पार्ट बदलत बसण्यापेक्षा हजार पटीने बरं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काम करणारे जुने कारागीर याच रस्त्याने जातात.

एकदा पडद्यावर अक्षरं उमटली, की अर्धा गड सर झाला. सगळ्यात आधी दिसते ती डिस्प्ले कार्डची स्वतःची ओळ, मग बायोस कंपनीचं नाव, मग चढत जाणारा रॅमचा आकडा. ही ओळ झरकन जाते, पण कीबोर्डवरचं 'पॉज' बटण दाबलं की पडदा थबकतो. अगदी तळाशी तारीख आणि अक्षरं-आकडे यांची एक लांब ओळ असते. ती लिहून घ्यावी. मदरबोर्ड कोणता, हे तिच्यावरून शोधता येतं.

इथून पुढे बायोस शब्दांत बोलतो. 'कीबोर्ड एरर ऑर नो कीबोर्ड प्रेझेंट' म्हणाला तर प्लग ढिला आहे, किंवा एखादं बटण दबून अडकलंय. गोल पिनांचा कीबोर्ड यंत्र चालू असताना काढू-घालू नये, बोर्डावरचा फ्यूज जाऊ शकतो. 'फ्लॉपी डिस्क फेल ४०' हे बहुतेक वेळा वायर उलटी लागल्याचं लक्षण. वायरीच्या कडेला असलेला रंगीत पट्टा पहिल्या क्रमांकाच्या पिनेकडे हवा. हे किरकोळ. खरं थांबून समजून घ्यायला हवं ते एका वेगळ्याच ओळीपाशी: 'सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड'.

यंत्राचं घड्याळ आणि मांडणी, म्हणजे डिस्क कोणती, फ्लॉपी कोणत्या प्रकारची, आधी कुठून सुरू व्हायचं, हे सगळं एका छोट्या मेमरीत असतं आणि ती मेमरी बॅटरीवर जगते. ही व्यवस्था १९८४च्या आयबीएम एटीपासून आली. तिथे मोटोरोलाच्या घड्याळाच्या चिपमध्येच ६४ बाइटची जागा होती, तीतल्या काही बाइटांत वेळ आणि उरलेल्यांत मांडणी. बायोस दर वेळी या मांडणीच्या बाइटांची बेरीज करून ती जपून ठेवलेल्या बेरजेशी ताडून बघतो. बॅटरी उतरली की बाइट बदलतात, बेरीज जुळत नाही, आणि बायोस सगळी मांडणी टाकून कारखान्यातली मूळ मांडणी घेतो. तारीख कित्येक वर्षं मागे जाते, ही खूण सगळ्यांना दिसते. हार्ड डिस्कचं काय होतं, ते मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं आणि घात तिथेच होतो.

जुन्या यंत्रांत डिस्कची मापं बायोसला हाताने सांगावी लागत: सिलिंडर किती, हेड किती, सेक्टर किती. एएमआयच्या बायोसमध्ये ठरावीक प्रकारांची यादी असे आणि ४७वा प्रकार म्हणजे 'आकडे तुम्हीच भरा'. ते आकडे पुसले गेले की बायोसच्या लेखी डिस्कच नाही. नंतरच्या बायोसना डिस्कची मापं आपोआप ओळखता येऊ लागली, पण त्यांतही एक फाटा राहिला. ५२८ मेगाबाइटच्या वरच्या डिस्कसाठी नॉर्मल, लार्ज आणि एलबीए अशा तीन पद्धती असत आणि ज्या पद्धतीने डिस्क पहिल्यांदा तयार केली, त्याच पद्धतीने ती वाचावी लागे. बॅटरी उतरल्यावर एलबीएच्या जागी नॉर्मल लागलं, तर डिस्कचा पहिला सेक्टर बरोबर वाचला जातो, कारण तो सगळ्या पद्धतींत एकाच जागी असतो. पण पुढची गणितं चुकतात आणि बायोस भलत्याच जागेवरचा मजकूर उचलून आणतो. पडद्यावर येतं की सिस्टिम सापडत नाही. माणूस समजतो, विंडोज उडालं. डिस्कवरचा एकही बाइट हललेला नसतो. अशा वेळी फॉरमॅट मारणं म्हणजे घड्याळाचा सेल संपला म्हणून घरातली सगळी कागदपत्रं जाळणं. विंडोज पुन्हा टाकायला निघालेल्या प्रत्येकाने आधी बायोसमध्ये जाऊन डिस्कसमोर काय लिहिलंय ते वाचावं, असा माझा आग्रह आहे.

सेल बदलणं सोपं आहे. बहुतेक यंत्रांत सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा चपटा सेल असतो, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. काही बोर्डांवर घड्याळ आणि सेल एकाच बंद काळ्या चिपमध्ये असतात. ती आख्खी चिप बदलावी लागते. पण ३८६ किंवा ४८६ जातीचं यंत्र असेल, तर बोर्डाला झाळलेली निळी किंवा हिरवी दंडगोल बॅटरी शोधावी. ही निकेल-कॅडमियमची बॅटरी वयाबरोबर गळते. तिच्यातला अल्कली द्रव बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खात जातो. हिरवट-पांढरी भुकटी ही त्याची खूण. तो बोर्ड आणखी चालवू नये. बॅटरी कापून काढावी, डाग पडलेल्या जागी कापसाने व्हिनेगर लावून अल्कली मारावी आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवावं. असं यंत्र नुसतं कपाटात पडलेलं असलं तरी ही बॅटरी काढून ठेवावी, कारण गळायला तिला वीज लागत नाही.

बायोसचं शेवटचं काम डिस्कचा पहिला सेक्टर वाचणं. ५१२ बाइटचा हा सेक्टर ५५ आणि एए या दोन बाइटांनी संपायला हवा. कुठल्याच डिस्कवर तसा सेक्टर मिळाला नाही तर अवॉर्ड म्हणतो, 'डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टिम डिस्क अँड प्रेस एंटर'. जुना एएमआय इथे एक चमत्कारिक वाक्य बोलतो: 'नो रॉम बेसिक, सिस्टिम हॉल्टेड'. या वाक्यामागे इतिहास आहे. मूळ आयबीएम पीसीत डिस्क नसली तर चिपमधलीच बेसिक भाषा चालू व्हायची, कारण तो पीसी नुसत्या कॅसेट रेकॉर्डरवरही विकला जाई. इतर कंपन्यांच्या यंत्रांत ती बेसिक नव्हती, पण तिला हाक मारायची जागा तशीच राहिली, आणि हाकेला ओ देणारं कुणी नाही म्हणून यंत्र थांबतं. अर्थ एवढाच, की सुरू करण्याजोगी डिस्क सापडली नाही. तेव्हा केबल, पॉवरचा चार पिनांचा कनेक्टर, मास्टर-स्लेव्हचा जंपर आणि बायोसमधली नोंद या क्रमाने पाहावं. डिस्कला कान लावावा. एकसुरी घुमणं चांगलं. ठराविक लयीत टक-टक येत असेल तर तिला तात्काळ बंद करावं आणि पुन्हा चालू करण्याचा मोह आवरावा. आतली हेड आपली जागा शोधत आपटत असते आणि प्रत्येक प्रयत्नात नुकसान वाढतं.

'इनव्हॅलिड पार्टिशन टेबल', 'एरर लोडिंग ऑपरेटिंग सिस्टिम' आणि 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम' ही तीन वाक्यं बायोसची नव्हेत. ती त्या पहिल्या सेक्टरमधल्या प्रोग्रॅमची आहेत, म्हणजे डिस्क जिवंत आहे, फिरते आहे आणि वाचली जाते आहे. इथे चूक विभागांच्या नोंदीत, किंवा वर सांगितलेल्या पद्धतीच्या घोळात असते. आणि 'नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर' किंवा विंडोज ९८चं 'इनव्हॅलिड सिस्टिम डिस्क' हे त्याच्याही पुढच्या टप्प्याचं बोलणं. हे वाक्य दिसलं की पहिल्यांदा फ्लॉपी ड्राइव्हमध्ये बोट घालून बघावं. आत फ्लॉपी राहिली असेल तर ते वाक्य त्या फ्लॉपीवरच लिहिलेलं आहे, आणि हार्ड डिस्कपर्यंत पाळी आलेलीच नाही.

फ्लॉपीची ही गंमत एके काळी फार महाग पडली. फॉरमॅट केलेल्या प्रत्येक फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरवर, 'माझ्यात सिस्टिम नाही' एवढं सांगण्यापुरता का होईना, एक प्रोग्रॅम असतो, आणि तो चालतो. त्याच्या जागी दुसराच प्रोग्रॅम बसवला तर? १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी बनवलेला ब्रेन हा व्हायरस नेमका हेच करायचा. त्यापाठोपाठ न्यूझीलंडचा स्टोन्ड आला, जो हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्येही घुसे, आणि त्याच्याच वंशातला मायकेलँजेलो, जो ६ मार्चला डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर कचरा लिहीत असे. सुरू न होणारं यंत्र दुरुस्त करायला येई तेव्हा पुष्कळदा बिघाड असा सेक्टरमध्ये दडलेला असे. पुण्यात कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्तीचं काम करणाऱ्या कैलाश काटकरांचं दुकान याच काळातलं. त्यांचे धाकटे भाऊ संजय काटकर यांनी अशा व्हायरसांवर उतारा म्हणून प्रोग्रॅम लिहायला घेतले, आणि त्यातून १९९५च्या सुमारास क्विक हील उभं राहिलं. मराठी घरांतल्या कितीतरी पीसींवर ते नाव आजही सापडेल.

व्हायरसांपैकी एकाने मात्र टप्प्यांचा हा हिशेबच उलटा केला. तैवानच्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच २६ एप्रिल १९९९ला जागा झाला आणि त्याने डिस्कच्या सुरुवातीचा भाग तर पुसलाच, शिवाय काही जातींच्या बोर्डांवर बायोसच्या चिपमध्येच कचरा लिहिला. अशा यंत्रात बीप नाही, अक्षर नाही, काहीच नाही. दोष सॉफ्टवेअरचा आणि लक्षणं मेलेल्या बोर्डाची. त्या काळचा बोर्ड अगदी मूक असेल आणि वीज, रॅम, कार्ड सगळं निर्दोष निघालं, तर चिप पुन्हा लिहून घेण्याचा विचार करावा. चिप खाचेत बसवलेली असेल तर ते काम अवघड नाही.

डॉस आणि विंडोजचा टप्पा त्या मानाने मवाळ आहे, कारण इथे यंत्र धडधाकट असतं आणि हाताशी उपायही असतात. विंडोज ९८ सुरू होताना कंट्रोल किंवा एफ८ दाबून धरलं की यादी येते. तिच्यातला 'सेफ मोड' कमीत कमी ड्रायव्हर घेऊन चालतो. त्यात यंत्र सुरू झालं तर दोष एखाद्या ड्रायव्हरचा. 'विंडोज प्रोटेक्शन एरर' आली तर 'स्टेप बाय स्टेप' निवडावं आणि कोणत्या प्रश्नाला होकार दिल्यावर यंत्र कोसळतं ते पाहावं. रजिस्ट्री बिघडल्याची तक्रार असेल तर 'कमांड प्रॉम्प्ट ओन्ली'मध्ये जाऊन स्कॅनरेग रिस्टोअर ही आज्ञा द्यावी. विंडोज ९८ रजिस्ट्रीच्या शेवटच्या पाच प्रती राखून ठेवतं. कुणी प्रेमाने भरपूर रॅम घातली असेल आणि विंडोज उलट 'मेमरी अपुरी' म्हणत असेल, तर रॅम ५१२ मेगाबाइटच्या आत आणावी, ९८ला त्याहून जास्त सहजी पेलत नाही. आणि निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क आपणहून सुरू झालं, तर मागच्या वेळी यंत्र नीट बंद झालं नव्हतं एवढंच ते सांगतं. भारनियमनाच्या वर्षांत हा पडदा घरोघरी पाठ झाला होता. डिस्कचा आवाज चांगला असेल तर त्याला काम करू द्यावं. वाचताना अडखळणाऱ्या डिस्कवर मात्र ते थांबवावं, आधी मजकुराची प्रत काढायची.

ही प्रत काढण्यासाठी पेनड्राइव्ह लावून उपयोग नाही, विंडोज ९८ला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागतो. यंत्र बंद करून डिस्क बाहेर काढावी, आयडीई ते यूएसबी अ‍ॅडॉप्टरने नव्या संगणकाला जोडावी आणि एकेक फाइल न उचलता आख्ख्या डिस्कची प्रतिमा उतरवून घ्यावी. डिस्क अडखळत असेल तर लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम उत्तम: तो चांगले भाग आधी वाचून घेतो आणि वाईट भागांकडे नंतर वळतो. पुढचं सगळं काम त्या प्रतीवर करायचं. मजकुराबरोबर विंडोजच्या फोल्डरमधलं फॉण्टचं फोल्डर आणि मराठी पॅकेजचं फोल्डरही वेगळं जपावं, पॅकेजची आवृत्ती लिहून ठेवावी, आणि प्रिंटरच्या पोर्टला एखादा छोटा डबा लावलेला असेल तर तो फेकू नये. तो पॅकेजचं कुलूप असतो, त्याच्याशिवाय ते उघडत नाही.

मग डिस्क पुन्हा जुन्या यंत्रात बसवावी आणि नव्या संगणकावर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणलेला मजकूर जुन्या पडद्यावरच्या मजकुराशी शेजारी ठेवून ताडावा. कन्व्हर्टर चुकतात ते ठरावीक जागी: 'ऱ्हास'मधला र, रफार, पहिली वेलांटी आणि क्वचित येणारी जोडाक्षरं. आठवणी आजोबांच्या असोत की ओव्या आजीच्या, त्यातला बोलीचा शब्द यंत्राने बदलला तर तो दुसऱ्या कुठल्याही पुस्तकात बघून दुरुस्त करता येणार नाही. शेवटचं पान जुळेपर्यंत जुनं यंत्र मोडीत काढू नये.